ईटच्या गिरणीचा तगादा

तगादेवाल्याला दिवाळीला कुणी घरी बोलावत नाही. या अंकाच्या संपादकांनी मला लिहायला बोलावलं, त्याचं म्हणूनच मोठं कौतुक वाटलं. लोकांच्या दारात उभं राहून “तेवढं आपलं राहिलेलं…” असं म्हणण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्या धंद्यात लोक मला चहा पाजत, पण मी उठलो की घरातली बाई पाट उचलून ठेवी. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मी काम चोख केलं आणि माझ्याकडं आलेली थकबाकी सहसा बुडली नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

तेव्हा आमच्या भागात निजामाचं राज्य. बार्शी इंग्रजांची आणि भूम, परंडा मोगलाईतलं. मी भूमला राहत होतो आणि बार्शीच्या एका इंजिनाच्या दुकानाचा वसुली कारकून होतो. दुकान तेलावर चालणारी इंजिनं विकायचं. कुणाच्या विहिरीवर, कुणाच्या गिरणीत. इंजिन विकलं म्हणजे काम संपलं असं नसे. ते बिघडायचं, रुसायचं, थंडीत चालूच व्हायचं नाही. म्हणून दुकान सालाची देखभाल घ्यायचं. दर दोन महिन्यांनी मिस्त्री जाऊन इंजिन उघडी, साफ करी, चालवून देई, आणि सालअखेर त्याचं बिल जाई. पैसे आले नाहीत तर दुकानाचे तीन कागद जात. तरीही नाही, तर ते गिऱ्हाईक माझ्या वहीत येई. माझ्या वहीत येणं म्हणजे काय, हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं.

माझे काही नेम होते. जेवणाच्या वेळेला जायचं नाही. पाहुण्यांसमोर रक्कम बोलायची नाही. आधी पाऊसपाणी विचारायचं, मग पोरंबाळं, मग इंजिन, आणि उठता उठता बिल. आवाज चढवायचा नाही. मी काही मवाळ माणूस नव्हे. घरात माझ्या रागाला सगळे टरकून असत. पण दुसऱ्याच्या ओसरीवर ओरडणारा तगादेवाला म्हणजे अडाणी, असं माझं स्पष्ट मत होतं आणि आहे.

बाहेरच्यांना एक गोष्ट सांगायला हवी. दुकानाचं बिल इंग्रजी रुपयात, म्हणजे कलदारात असे. आमच्याकडं चालायचा निजामाचा हाली रुपया. सहा कलदार म्हणजे सात हाली. परंड्यात एक गिऱ्हाईक होते, बिल तीस कलदारचं असलं की तीस हाली मोजून समोर ठेवीत आणि म्हणत, “तीस म्हंजे तीस, मुन्शीजी. तुमच्या बार्शीत तीसला पस्तीस म्हनत्यात का?” दर साली हाच वाद, दर साली शेवटी पस्तीस. मला तर वाटतं, वर्षातून एकदा माझ्याशी भांडायला मिळावं एवढ्यासाठीच ते बिल थकवीत.

दुसरे एक जहागीरदार. बिल मागायला गेलं की गझल सुरू. मी शिकलो उर्दूतच, त्यामुळं मला कळायची, आणि कळते म्हटल्यावर तर सुटकाच नव्हती. सहा वेळा मी “वाह वाह” करून रिकाम्या हातानं परत आलो. सातव्या वेळेला म्हटलं, हुजूर, आज मीही थोडं पेश करतो. आणि दुकानाचं बिल खिशातून काढून, शेरासारख्या दोन-दोन ओळी नीट तोलून, चालीवर वाचलं. पिस्टनच्या कड्या, वंगणतेल, मिस्त्रीची मजुरी, सगळं. जहागीरदारांनी डोळे मिटून ऐकलं. बेरजेला आल्यावर त्यांनी स्वतः “मुकर्रर” म्हटलं, मी बेरीज पुन्हा वाचली आणि त्यांनी दिवाणजीला तिजोरीकडं पाठवलं.

असे किस्से सांगायला मला आवडतं, कारण त्यात मी जिंकतो. आता भूमजवळच्या ईट गावचं सांगतो.

ईटला गौराक्का म्हणून एक लिंगायत बाई होत्या. पिठाची गिरणी चालवत. गिरणी नवऱ्यानं घातली होती. दुकानाच्या देखभालीच्या कागदावर सही त्यानंच केली आणि पुढं चार महिन्यांत तो गेला. त्याचा भाऊ बसाप्पा गिरणीवर डोळा ठेवून होता. बाईमाणसाला इंजिन काय कळतंय, असं त्याचं म्हणणं. पंच बसले आणि त्यांनी तोड काढली. गौराक्का गिरणी चालती ठेवतील तोवर गिरणी त्यांची, सलग पंधरा दिवस बंद राहिली तर बसाप्पानं ताब्यात घ्यायची. बसाप्पानं हे मोठ्या खुशीत कबूल केलं. महिन्याभरात बाई हात टेकेल असा त्याचा हिशेब होता.

बाईंनी काही हात टेकले नाहीत. इंजिन तापवायचं, मोठं चाक फिरवून चालू करायचं, पट्टा चढवायचा, सगळं शिकल्या. तीन वर्षं गिरणी एक आठवडाही बंद राहिली नाही. पण या तीन वर्षांत देखभालीचा एक रुपयाही बार्शीला पोचला नाही. चोपन्न रुपये कलदार थकले. दुकानाचे कागद मीच माझ्या सुवाच्य अक्षरात लिहून धाडले होते, आणि एकाचंही उत्तर नाही. मालकांनी शेवटी हुकूम दिला. नवऱ्यानं सही केलेल्या कागदात कलम होतं की बिल थकलं तर दुकानानं इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा लोखंडी भाग, काढून न्यावा. हेड नाही तर इंजिन नाही.

मी महबूब मिस्त्रीला बरोबर घेऊन निघालो. हा आमच्या दुकानाचा मिस्त्री, भूमला माझ्या शेजारीच राहायचा. हातात जादू आणि तोंडात कायम पान. ईटची देखभाल तोच बघे. त्या दिवशी बैलगाडीत बसल्यापासून त्यानं पान खाल्लं नाही, की बोलला नाही. मी विचारलं तर म्हणाला, इंजिन खोलायचे पाने आणलेत, काम करू. मला वाटलं, बाईची दया येते आहे. दया सगळ्यांनाच येते, पण दयेवर दुकान चालत नाही, असं मी त्याला ऐकवलंसुद्धा.

गिरणीवर पोचलो तेव्हा आठ-दहा बाया दळणाच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. बसाप्पाला कुणकुण लागलेली. तो दोन पंचांना घेऊन आधीच दारात हजर. मी माझा नेम मोडला नाही, गौराक्कांना बाजूला बोलावलं आणि हळू आवाजात काय ते सांगितलं. पन्नाशीच्या आतल्या बाई, कपाळावर विभूती, पदराला आणि भुवयांना पीठ. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि त्या मिस्त्रीकडं वळल्या.

“मिस्त्री, आमचं काय चुकलं? यंदाची दोन पोती कमी भरली का?”

महबूब खाली बघू लागला. मी विचारलं, कसली पोती?

“आता कसली म्हंजे? ज्वारीची. दर साली सुगी झाली की दोन पोती देती म्या. एक मिस्त्रीचं, एक लिहिनाऱ्याचं. लव्हाराला देतो, सुताराला देतो, तसं इंजिनवाल्याला. तीन सालाची सहा झाली. कागद आले तवा मास्तरांकडनं वाचून घेतले. म्हनलं, पोती पोचली न्हाईत वाटतं. मिस्त्रीला इचारलं, तर म्हनला, पोचली अक्का, मुन्शीजीच्या घरीबी पोचली. मग म्या गप ऱ्हायली.”

गावची रीत बाहेरच्यांना माहीत नसेल. लोहार, सुतार, न्हावी वर्षभर काम करतात आणि सुगीला आपापलं बलुतं, म्हणजे धान्याचा वाटा, घेऊन जातात. मधे कुणी पैसे मागत नाही, कुणी पावती देत नाही. गौराक्कांच्या लेखी इंजिनाची देखभाल हे नवं बलुतं होतं. गिरणीत दळणावळीचं, म्हणजे दळायच्या मजुरीचं, धान्य साठायचं, त्यातलं त्या बिनचूक देत होत्या. आणि महबूबच्या लेखी सुगीला मिळालेली ज्वारी म्हणजे खुशीचा दाणा. त्यानं मला नंतर सांगितलं, “नको कैसा बोलूं मुन्शीजी? सुगी का दाना है, फेरना मतलब घर का अपमान.” दोघंही खोटं बोलत नव्हते.

आणि तिसरा मी. दर सुगीला महबूब एक पोतं माझ्या दारात उतरवायचा आणि म्हणायचा, ईटकी ज्वारी है. मी “बरं” म्हणून आत घ्यायचो. फुकटच्या ज्वारीला कोण गाव विचारतं? कुठल्या गिऱ्हाइकानं खुशीनं दिली असेल, दुकानाच्या माणसाला देतातच, अशी मी मनाची समजूत घातली होती. तीन वर्षं आमच्या चुलीवर त्याच ज्वारीच्या भाकरी झाल्या होत्या. ती पांढरीशुभ्र, गोड भाकर खाऊन, हात धुऊन, त्याच गौराक्कांना मी थकबाकीचे कागद लिहीत होतो. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तर तीन वर्षं खवखवलंसुद्धा नाही. त्या क्षणी मात्र अंगाची लाही झाली. राग कुणावर काढावा ते कळेना, कारण काढायचा तर स्वतःवरच होता.

बसाप्पानं घाई केली. कागद म्हणजे कागद, हेड काढा, असं तो पंचांकडं बघत म्हणाला. महबूबनं पाने पिशवीतून काढलेच नव्हते. मी बसाप्पाला म्हटलं, कागद दुकानाचा आहे, तुमचा नाही, आणि दुकान आज इथं मी आहे. आज काही निघणार नाही. मी बार्शीला जाऊन येतो, तोवर गिरणी चालेल. बसाप्पा तोंडातल्या तोंडात पुटपुटत निघून गेला. गौराक्कांनी लगेच पट्टा चढवला. बाया पाट्या घेऊन रांगेला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी मोटारीनं बार्शीला गेलो आणि मालकांना सगळं सांगितलं. माझं पोतंसुद्धा सांगितलं. लपवलं असतं तर लपलं असतं, महबूब बोलणारा नव्हता. पण मी सांगितलं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. मालक चिडले. म्हणाले, माझं बिल कलदारात आहे, ज्वारीत नाही, बलुतं घ्यायला माझं दुकान म्हणजे काय लोहाराचा भाता आहे? मी शांतपणे म्हटलं, मालक, तुमच्या माणसानं तुमच्या कामासाठी घेतलं, म्हणजे तुम्हीच घेतलं. हेड काढलंत आणि बाई अदालतीत गेली, तर मुन्सिफ पहिला प्रश्न तुम्हालाच विचारील. आणि दुसरं, जर्मनीच्या लढाईमुळं ज्वारीचा भाव आज कुठल्या कुठं गेला आहे. सहा पोती आजच्या भावानं धरली तर बिलाच्या जवळजवळ दुप्पट होतात. मग तुम्हीच बाईचं देणं लागता.

मालकांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. “तू कुणाचा माणूस आहेस?”

मी म्हटलं, तुमचाच. म्हणून तर सांगतो.

मालक जातीचे व्यापारी. रागावले तरी गणित चुकवत नसत. थोड्या वेळानं त्यांनी निकाल दिला. ज्वारी बिलात वळती करायची. कोणता भाव धरायचा ते बाईनं सांगावं, तिनं दिलेली आहे. पण जी रक्कम निघेल ती महबूबच्या आणि माझ्या पगारातून अर्धी अर्धी कापायची, कारण ज्वारी दुकानानं नाही, आम्ही खाल्ली. बिलाहून जास्त निघाली तर तीही आम्हीच भरायची. मला न्याय पटला. पण परतीच्या मोटारीत मी हिशेब मांडला. माझा पगार महिना तीस रुपये हाली. बाई आजचा भाव म्हणाल्या की दोन महिन्यांचा पगार गेला, आणि घरात खाणारी सात तोंडं. महबूबच्या घरी त्याहून जास्त.

ईटला गेलो तेव्हा गावातले चारचौघं जमलेच होते. बसाप्पाही होता. मी सगळ्यांसमोर मालकांचा निकाल सांगितला. कापणी आमच्या पगारातून आहे हेही सांगितलं, कारण अर्धं सांगणं म्हणजे फसवणं. मास्तर, ज्यांनी बाईंना कागद वाचून दाखवले होते, ते लगेच म्हणाले, अक्का, आजचा भाव सांगा, दुकानच तुम्हाला देणं लागतं. बायाही तेच म्हणू लागल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं.

गौराक्कांनी इंजिन बंद केलं. आवाज थांबल्यावर म्हणाल्या, “दिली त्या दिवशीचा भाव धरा. तवा तिची जेवढी किंमत व्हती तेवढीच म्या दिली. आज म्हाग झाली त्यात माझं काय कर्तब?”

मी जागेवरच हिशेब केला. तीन सालाचे भाव मास्तरांना आणि पंचांना तोंडपाठ होते. अठ्ठेचाळीस रुपये हाली निघाले. बिल हालीत त्रेसष्ट होत होतं. पंधरा कमी पडले. गौराक्का आत गेल्या आणि पंधरा रुपये आणून माझ्या हातावर ठेवले. बसाप्पा पंचांच्या तोंडाकडं बघत राहिला. पंच उठून घरी गेले, तेव्हा तोही गेला.

माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं. मी खुशीत पावतीबुक काढलं आणि त्रेसष्ट रुपये पावले असं लिहायला घेतलं. गौराक्का म्हणाल्या, अशी नको. ज्वारी कुणी घेतली ते लिहा. मी लिहिलं. त्या म्हणाल्या, आता मोठ्यानं वाचा, मला अक्षर येत न्हाय. मी जहागीरदारांपुढं बिल गाणारा माणूस, पण त्या दिवशी चाल न लावता भराभर वाचलं. “ईटच्या गिरणीची सहा पोती ज्वारी तीन सालात पावली. पैकी तीन महबूब मिस्त्रीनं आणि तीन मी, खाली सही करणारा, घरी खाल्ली.” एक-दोन बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गौराक्का हसल्या नाहीत. पावती घडी करून त्यांनी कनवटीला खोचली आणि मला विचारलं, “आता म्होरल्या सालापासनं काय घेनार? रुपये का ज्वारी?”

मी म्हटलं, रुपये. दुकानाचा तसा हुकूम आहे.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग भाकर घरनं आनत जा.”

मला वाटलं, चेष्टा असावी. मी हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, त्यांनी आपल्याला घरचं मानलं होतं आणि तुम्ही गिऱ्हाईक करून आलात.

पगारातून दरमहा चार रुपये कापले गेले. सहा महिन्यांत फिटले, महबूबचेही. ईटला मी पुढं कितीदा तरी गेलो. गौराक्का मला बघून उठून उभ्या राहत, बसायला घोंगडी देत, बिलाचे रुपये, कलदार असोत की हाली, मोजून ठेवलेले असत. पाणी मात्र मला मागून घ्यावं लागे. जेवणाची वेळ झाली की मी गिरणीमागच्या लिंबाखाली बसून घरची भाकर सोडायचो आणि आत त्यांचं जेवण चालू असायचं. बोलवायच्या नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. दुकानाच्या वहीत त्यांच्यासारखं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. पुढं मी नोकरीत होतो तोवर त्यांचं बिल एक दिवसही थकलं नाही.